तिसरा दिवस

जीप आठ जणांची. वाल्देमार चालवतो,
मी त्याच्या शेजारी. उरल्या सहा जागा,
म्हणून पाहुणे सहा.
लिस्बनच्या बाईंना वाटतं, यामागे मोठा विचार आहे.
त्या पत्रकात छापतात : मोजकी माणसं, आपुलकीची सफर.

मी कळवलं, जुलैत या. ग्रावानाचे दिवस,
हवा कोरडी असते
आणि रस्ते आपापल्या जागी सापडतात.
एकाला मासे चालत नाहीत.
चहूकडून समुद्र असलेल्या साओ टोमेत येऊन
मासे नको म्हणणाऱ्या गृहस्थासाठी
मी नीरफणस, केळी, अंडी असं लिहिलं,
मग परत अंडी.

पहिला दिवस : बाजार, किल्ला, लवकर झोप.
दुसरा : दक्षिणेला, कांव ग्रांदचा सुळका
(ढग नसतील तर. ढग असतातच.
त्या ओळीपुढे मी 'शक्यतो' घातलं).
चौथा : होडीने पलीकडच्या बेटावर,
तिथून विषुववृत्त जातं.
सगळे एक पाय अलीकडे, एक पलीकडे टाकून उभे राहतात.
वाल्देमार म्हणतो, या रेषेवर मी लहानपणी बकरी बांधायचो,
ती दोन्हीकडचं खायची.

तिसरा दिवस लिस्बनहून तयार आला :
जुना कोको-मळा, पडकं इस्पितळ.
फोटोसाठी थांबा. वीस मिनिटं.

वेळ मोजायला काल आम्ही रिकामी जीप घेऊन गेलो.
टाकी अर्धीच. तेलाचं जहाज अजून बंदराबाहेर.
इस्पितळ आहे तसंच आहे,
दोन्ही अंगांनी चढत येणारे दगडी जिने,
छपरातून वर गेलेलं झाड,
आणि खोलीखोलीत चूल.
कठड्यावर नारिंगी चादर पिळत होती दोमिंगाश.

किती जण? तिने विचारलं.
सहा.
बसणार कुठे?
बसणार नाहीत. बघून जातील.
काय बघून?

माझ्या हातात कागद होता.
त्यावर कमानी होत्या, जिने होते, झाड होतं.
चौथ्या वॉर्डात माझी आई जन्मली,
केप व्हर्डहून कंत्राटावर आलेल्या बाईच्या पोटी,
आणि वहीत तिच्या नावाआधी आकडा पडला,
हे त्या कागदावर नव्हतं.
मी कागदाची घडी घातली.

दोमिंगाशने चादर झटकली, पाणी माझ्या पायांवर उडालं.
माझ्याकडे खुर्च्या दोन, म्हणाली, एकीचा पाय गेलाय.
आल्या माणसाला उभं ठेवायची रीत नाही आमच्यात.
कॉफी मी करीन. साखर तुम्ही आणा.
आणि मीही विचारीन त्यांना,
तुमच्याकडे इस्पितळात कोण राहतं?

परतताना वाल्देमार बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, साखर किती?
दोन किलो, मी म्हटलं. लेव-लेव, दमानं घे, पुढे खड्डा आहे.
खड्डा त्याला माझ्याआधीपासून ठाऊक आहे.

रात्री वीज गेली. मेणबत्तीपाशी बसून
मी 'वीस मिनिटं' खोडलं, 'दोन तास' लिहिलं.
सकाळी लिस्बनचा प्रश्न आला :
दोन तास तिथे करणार काय?
मी उत्तर लिहिलं : बसणार.
पुढे काही सुचलं नाही, तसंच पाठवलं.

आज बाजारातून सात खुर्च्या आणल्या,
प्लॅस्टिकच्या, तीन निळ्या, चार पांढऱ्या,
एकसारख्या मिळाल्या नाहीत.
सातवी कुणाची, वाल्देमारने विचारलं नाही.
त्याने त्या टपावर रचल्या, दोरीने आवळल्या,
बॅगा कुठे ठेवू म्हणून दोनदा कुरकुरला
आणि गल्लीच्या टोकापर्यंत जीप नेऊन आणली.

खडखडतायत, म्हणाला. चढणीवर तर
अख्ख्या मळ्याला ऐकू जाईल.

जाऊ दे, मी म्हटलं.
दोमिंगाशला आधण ठेवायला वेळ मिळेल.